देवाचं लग्न दरवर्षी काहून लावतात?

मागच्या कार्तिकातली गोष्ट. अंगणातलं तुळशीवृंदावन गेरूनं रंगवून झालं होतं, चारी कोपऱ्यांना ऊस उभे करून वरून शेंडे बांधले होते, सासूबाई सुपात बोरं, आवळे, चिंचा अन् हरभऱ्याची भाजी मांडत होत्या, आणि माझी नऊ वर्षांची पोरगी एकदम म्हणते, "आजी, मागच्या वर्षी पण याच तुळशीचं याच कृष्णासोबत लग्न लावलं होतं ना आपण? मग परत काहून? एकदा झालं ना लग्न?"

सासूबाई म्हणाल्या, "देवाचं असते माय तसं," अन् परत सुपात गुंतल्या.

प्रश्न मात्र माझ्या डोक्यात बसला. खरंच, आपल्याकडे माणसाचं लग्न एकदा लागलं की संपलं, अल्बम कपाटात जातो, पण देवाचं लग्न दरवर्षी लागते, तीच हळद, तोच आंतरपाट, त्याच मंगलाष्टका. तिरुपतीला तर रोज लागते. पोरीला नीट उत्तर द्यायचं म्हणून मी जे वाचलेलं, ऐकलेलं, लहानपणापासून पाहिलेलं होतं ते सगळं जोडायला बसले, आणि सुरुवात साहजिकच आपल्या घरापासून केली, कारण माझं माहेर वर्धा नदीच्या पल्याड तिवसा तालुक्यात आणि सासर अल्याड आर्वीकडे, अन् मधात नदीच्या काठावर आहे कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर.

जुनं नाव कुंडिनपूर, विदर्भाचा राजा भीष्मक याची राजधानी. तिथे १९६० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा महापाषाण काळापासून सातवाहनांपर्यंतच्या वस्तीच्या खुणा निघाल्या, म्हणजे गाव लय जुनं आहे हे नक्की. वर्धा नदी म्हणजे जुनी वरदा. आता पौराणिक राजवाडा मातीतून काढून दाखवता येत नाही, पण आमच्याकडे कोणाला तो पुरावा लागतही नाही, कारण आमचं नातं वेगळं आहे. विठ्ठल आमचा जावई आहे. आमची माणसं पंढरपूरला दर्शनाला जातात ते पोरीच्या घरी गेल्यासारखे जातात.

रुक्मिणीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते असं आपण धरून चालतो पण बहुतेकांना फक्त "रुक्मिणीहरण" एवढा शब्द माहीत असतो. भागवताच्या दहाव्या स्कंधात ५२ ते ५४ हे तीन अध्याय तिच्या लग्नाचे आहेत आणि ते वाचले की त्या हरण शब्दाबद्दलच शंका यायला लागते. भीष्मकाला पाच पोरं अन् एक पोरगी. पोरीनं कृष्णाबद्दल ऐकलं होतं, मनात पक्कं केलं होतं, घरच्यांनाही स्थळ पसंत होतं. पण मोठा भाऊ रुक्मी आडवा आला, त्याचं कृष्णाशी वाकडं होतं, त्यानं चेदीच्या शिशुपालाला शब्द दिला. बाप पोराच्या मायेपुढे वाकला. हे वाचताना मला कधी पाच हजार वर्षांपूर्वीचं वाटत नाही, आमच्या शेजारच्या घरात बोलणी चालू आहेत असं वाटते, पोरीला पसंत, आई-बापाला पसंत, अन् एकटा मोठा भाऊ अडून बसलेला.

मग रुक्मिणीनं चिठ्ठी लिहिली आणि एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पाठवली. सात श्लोकांची चिठ्ठी आहे. तिच्यातले दोन श्लोक मला फार मोठे वाटतात. एकात ती म्हणते की शिशुपाल अन् जरासंधाच्या फौजा मोडून काढ आणि मला राक्षस विधीनं ने, पराक्रम हेच माझं देज, म्हणजे नवरीसाठी द्यायचं मोल, समज. आणि पुढच्या श्लोकात ती कृष्णाच्या मनातली अडचण स्वतःच ओळखते, की मी तर राजवाड्यात आत राहते, मला बाहेर काढायचं तर माझ्याच माणसांना मारावं लागेल असं तुला वाटेल, तर ऐक, उपाय सांगते, आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची मोठी यात्रा असते, नवरी मुलगी गावाबाहेर गिरिजेच्या देवळात जाते. तिथे ये.

किती शांत डोक्यानं लिहिलं आहे पहा. दिवस तिनं ठरवला, जागा तिनं ठरवली आणि घरच्यांचं रक्त सांडू नये ही काळजीही तिनंच घेतली.

इथं थोडं थांबून ते "राक्षस विधी" समजून घेऊ, नाहीतर शब्द ऐकून भलतंच वाटते. जुन्या धर्मशास्त्रात लग्नाचे आठ प्रकार सांगितलेले आहेत, ब्राह्म, दैव, आर्ष, प्राजापत्य, आसुर, गांधर्व, राक्षस आणि पैशाच. बाकीच्यांच्या खोलात जात नाही. गांधर्व म्हणजे दोघांच्या पसंतीचं, शकुंतलेसारखं. राक्षस म्हणजे पळवून नेलेलं, आणि मनुस्मृतीत त्याची जी व्याख्या आहे ती वाचून अंगावर काटा येतो, मारामारी करून, घर फोडून, ओरडणाऱ्या रडणाऱ्या मुलीला ओढून नेणं. आता ही व्याख्या रुक्मिणीला लावून पहा. घर कोणी फोडलं नाही, मुलगी रडत नव्हती, ती तर देवळाच्या पायऱ्या उतरताना त्याचीच वाट पाहत होती. लढाई झाली म्हणून नाव राक्षस, पण आत सगळं गांधर्व. म्हणून मी तरी घरात हरण म्हणत नाही. पोरीला सांगताना मी सांगते, रुक्मिणीनं कृष्णाला बोलावून घेतलं.

भागवतात त्या आदल्या रात्रीचं वर्णन आहे, लग्नाला एकच रात्र उरली, ब्राह्मण परत आला नाही, कृष्णाचा पत्ता नाही, आणि रुक्मिणी मोजत बसली आहे की माझं काय चुकलं असेल. तिकडे कृष्णानं ब्राह्मणाला सांगितलं होतं की मलाही रात्री झोप लागत नाही. सारथी दारुकाला रथ जोडायला लावला आणि एका रात्रीत विदर्भात पोचला. दुसऱ्या दिवशी रुक्मिणी पायी चालत देवीला निघाली, मौन धरून, भोवती भावाचे शिपाई. देवळात तिनं पूजा केली, अन् सुवासिनींची पूजा केली ती कशानं, तर मीठ, अपूप म्हणजे आपले अनारशासारखे गोड घारगे समजा, विडा, गळ्यातला दोरा, फळं आणि ऊस. मी पहिल्यांदा ही यादी वाचली तेव्हा हातातला चहा तसाच राहिला. ऊस! आमच्या अंगणात तुळशीला जो बांधतात तोच. सुवासिनींची ओटी, देवीला जाणं, नवरीला मोठ्या बायांनी पूजा शिकवणं, यातलं एकही आम्हाला नवीन नाही, आजही आमच्याकडे लग्नाची पहिली पत्रिका कुलदैवतापुढं ठेवतात.

ती देवी कोणती यावर आमच्याकडे दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूची माणसं ठाम आहेत. अमरावतीची माणसं म्हणतात आमची अंबादेवी, रुक्मिणी इथूनच गेली, कौंडण्यपुरापासून अंबादेवीपर्यंत भुयार होतं असंही सांगतात. अंतर सरळ ४० किलोमीटरच्या आसपास. कौंडण्यपूरवाले म्हणतात एवढ्या लांब नवरी कशाला पाठवतील, आमच्या टेकडीवरची अंबिका. भागवतात नुसतं गावाबाहेरचं अंबिकेचं देऊळ म्हटलं आहे, आणि रुक्मिणी तिथे पायी गेली असं स्पष्ट आहे, त्यामुळे नुसतं अंतर पाहिलं तर कौंडण्यपूरवाल्यांचं पारडं जड वाटते. पण मी नवरात्रात अंबादेवीला जाते तेव्हा ओटी भरताना रुक्मिणीच आठवते, आणि मला त्यात काही अडचण वाटत नाही. एका लेकीला दोन गावं आपली म्हणत असतील तर म्हणू द्या.

दोनच काय, आणखीही आहेत. तिकडे अरुणाचल प्रदेशात दिबांग खोऱ्यात भीष्मकनगर नावाचा जुना किल्ला आहे, तिथले इदू मिश्मी लोक रुक्मिणीला आपली मुलगी मानतात. कृष्णानं रुक्मीला जिवंत सोडलं पण त्याचे केस कापले ही गोष्ट ते आपल्या केस कापायच्या जुन्या पद्धतीशी जोडतात. गुजरातमध्ये पोरबंदरजवळ माधवपूरला लग्न लागलं असं तिथले लोक मानतात, तिथे रामनवमीपासून पाच दिवस जत्रा भरते, कृष्णाची वरात निघते आणि अलीकडच्या काळात ईशान्य भारतातली माणसं त्या जत्रेत नवरीकडची म्हणून येतात. आमच्याकडचे काही लोक यावर रागावतात, की रुक्मिणी आमची आहे अन् हे काय चाललं. मला राग येत नाही. हजारो किलोमीटर लांबच्या माणसानं तुमच्या लेकीला आपली लेक म्हटलं, एवढं प्रेम त्या पोरीच्या वाट्याला आलं, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे.

पण यातून एक गोष्ट लक्षात येते आणि तीच मला मोठी वाटते. लग्न आमच्याकडे लागलंच नाही. भागवत म्हणते द्वारकेला लागलं, माधवपूरवाले म्हणतात माधवपूरला लागलं, कौंडण्यपूरला लागलं असं कोणीच म्हणत नाही. मांडव आमच्याकडे पडला होता, पण नवरी देवीला गेली अन् तिथूनच गेली. ना हळदीचे पाय दारातून बाहेर पडताना कोणी पाहिले, ना कोणी ओटी भरून दिली, ना आईच्या गळ्यात पडून रडली. पाठवणी राहून गेली.

आता आषाढीच्या आधी कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते. संत सदाराम महाराजांनी १५९४ मध्ये ही वारी सुरू केली असं सांगतात, म्हणजे राज्यातल्या सगळ्यात जुन्या पालख्यांमध्ये तिचं नाव घेतलं जाते. मी लहान असताना पालखी निघायच्या दिवशी आई आम्हाला घेऊन जायची. पुरुष टाळ-मृदंगात असायचे, पण मला बाया आठवतात. एक म्हातारी होती, नऊवारीचा पदर डोक्यावर, हातात पानात गुंडाळलेली पुरणपोळी, ती पालखी खाली टेकवली की जवळ जायची, पादुकांवर हात ठेवायची आणि हळूच काहीतरी सांगायची, आईनं एकदा विचारलं काकू काय सांगता हो, तर म्हणे, "काई नाई, तिले म्हटलं उन्हातान्हाची जपून जाय." पालखीसोबत माहेरची साडी-चोळी जाते. मी हे कुठे वाचलेलं नाही, हे माझं स्वतःचं मत आहे, पण मला वाटते ती राहिलेली पाठवणी आमची माणसं दरवर्षी करतात.

हे लक्षात आल्यावर मी बाकीची देवलग्नं पुन्हा आठवून पाहिली. आणि जिथं पाहावं तिथं तेच. काहीतरी राहून गेलेलं.

तिरुपतीचं घ्या. वेंकटेशाला पद्मावतीशी लग्न करायचं होतं, लक्ष्मी रुसून गेलेली, खिशात पैसा नाही, तर कुबेराकडून कर्ज काढलं. ते कर्ज अजून फिटलेलं नाही अशी श्रद्धा आहे, कलियुग संपेपर्यंत व्याज चालूच राहणार, आणि हुंडीत लोक जे टाकतात ते देवाच्या लग्नाच्या कर्जाचा हप्ता म्हणून. लग्नासाठी कर्ज काढलेला देव! आमच्याकडे सोयाबीन हातात यायच्या आधी पोरीचं लग्न निघालं की बाप काय करतो ते ज्यानं पाहिलं त्याला हा देव लांबचा वाटूच शकत नाही.

मदुराईची मीनाक्षी. ती पांड्य राजाची मुलगी, स्वतः राज्य करणारी, लढाया जिंकत कैलासापर्यंत गेली आणि शिवाला पाहिल्यावर तिला कळलं की हाच. चैत्र-वैशाखाच्या सुमारास तिथं चित्तिरै उत्सवात मोठं लग्न लागते. विष्णू तिथं मीनाक्षीचा भाऊ आहे, अळगर नावानं तो डोंगरावरच्या आपल्या देवळातून लग्नाला निघतो, वैगई नदीपर्यंत येतो, अन् कळते की लग्न लागून गेलं. भाऊ रुसतो आणि गावात न जाताच मागे वळतो. लाखो माणसं नदीच्या पात्रात हा उशिरा आलेला भाऊ पाहायला उभी असतात. तमिळ लोक याच्यामागं शैव आणि वैष्णव असे दोन पंथांचे उत्सव जोडल्याचा इतिहासही सांगतात, तो खराच आहे, पण मला सगळ्यात आधी दिसते ती ताटकळलेली बहीण.

आणि कन्याकुमारी, तिचं तर लग्न लागलंच नाही. जवळच्या शुचींद्रमहून शिव रात्री निघाला, मध्यरात्रीचा मुहूर्त होता, पण बाणासुराला फक्त कुमारिकाच मारू शकत होती म्हणून नारदानं कोंबड्याची बांग दिली, शिवाला वाटलं उजाडलं, मुहूर्त गेला, तो परत फिरला. लग्नाच्या स्वयंपाकासाठी आणलेला तांदूळ, धान्य तसंच पडलं आणि त्याचीच तिथली रंगीत वाळू झाली म्हणतात. देवी अजून हातात माळ घेऊन उभी आहे.

उत्तराखंडात त्रियुगीनारायणला शिव-पार्वतीचं लग्न लागलं, ब्रह्मदेव भटजी, विष्णू नवरीचा भाऊ, तिथला होम अजून धगधगता ठेवतात. आपल्या शिखर शिंगणापूरला चैत्रात हळद लागते, अष्टमीला लग्न. सातारा जिल्ह्यातल्या पालीला पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न, भंडाऱ्यानं माणूस ओळखू येत नाही एवढं पिवळं. खंडोबाबद्दल एक सांगायलाच पाहिजे, त्याच्या पाच बायका सांगतात, म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची, रंभाई शिंप्याची, फुलाई माळ्याची, चंदाई तेल्याची. अभ्यासक म्हणतात की देवाचं लग्न हा समाजांनी एकमेकांशी जोडून घ्यायचा मार्ग होता, आमच्या पोरीचा नवरा तोच तुमचा देव, मग आपण सोयरे. मीनाक्षीसारखी तिथली स्थानिक देवी अन् शिवासारखा देशभर पुजला जाणारा देव यांचंही तसंच. हे मला पटते, कारण खेड्यात आजही दोन गावांचं भांडण कोर्टानं मिटत नाही तेवढं एका सोयरिकीनं मिटते.

रुक्मिणीच्या घरीही पुढे तेच झालं, अर्धवट का होईना. रुक्मीनं शपथ घेतली होती की कृष्णाला हरवून बहिणीला आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाय ठेवणार नाही. कृष्णानं त्याला मारायला तलवार उचलली तेव्हा रुक्मिणीनंच पाय धरून भावाचा जीव वाचवला, तो हरला, आणि शपथ पाळून परत आलाच नाही, त्यानं भोजकट नावाचं नवं गाव वसवलं. बरेच जण अमरावतीजवळची भातकुली म्हणजे भोजकट मानतात. अचलपूरजवळ चमक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला त्यात भोजकट राज्याचं नाव आलेलं आहे, म्हणजे पाचव्या शतकात आमच्या भागाचं हे नाव खरोखर चालत होतं. तर हाच रुक्मी, मनातला राग गेला नव्हता तरी बहिणीच्या मायेनं त्यानं आपली मुलगी रुक्मवती तिच्या पोराला, प्रद्युम्नाला दिली, आणि पुढे नात रोचना अनिरुद्धाला दिली. मामाची मुलगी करायची आपली रीत, ती भागवतातही दिसते. दुःखाची गोष्ट म्हणजे त्या नातीच्या लग्नातच सोंगट्यांच्या डावात बलरामाशी भांडण झालं अन् रुक्मी मारला गेला. लग्नात आलेली माणसं अन् जुना राग, खेड्यातल्या माणसाला जास्त समजावून सांगायची गरज नाही.

आता पोरीच्या प्रश्नाचा दुसरा भाग, हे दरवर्षी प्रत्यक्ष लावतात कसं. मोठ्या देवळात दोन मूर्ती असतात. गाभाऱ्यातली मूळमूर्ती जागची हलत नाही. उत्सवमूर्ती धातूची, लहान, पालखीत बसते, गावात फिरते, न्हाते, हळद लावून घेते, लग्नाला उभी राहते. आणि लग्नाला माणसं दोन बाजूंनी उभी राहतात, काही नवरीकडची काही नवरदेवाकडची, कोणी कन्यादान करते, कोणी वरात घेऊन येते. म्हणजे तुम्ही दर्शनाला आलेले नसता, तुम्ही लग्नाला आलेले असता. तिरुमलाला रोज कल्याणोत्सव, म्हणजे देवाचं लग्न, होतो त्यात नाव नोंदवून बसलेली जोडपी यजमान असतात. पंढरपूरला वसंत पंचमीला विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागते, दोघांना सजवतात, अक्षता पडतात.

याचं उलटंही आपण करतो. माणसाच्या लग्नात नवरदेवाला विष्णू समजून त्याचे पाय धुतात, नवरा-नवरीला लक्ष्मीनारायणाचा जोडा म्हणतात. अधिक महिन्यात जावयाला धोंडे खायला बोलावतात, ३३ अनारसे देतात, कारण तो महिना पुरुषोत्तमाचा. देवाला जावई करायचं अन् जावयाला देव, दोन्ही आमच्या एकाच स्वयंपाकघरात चालते.

पंढरपूरच्या त्याच देवळाबद्दल पोरीनं मागच्या वर्षी आणखी एक विचारलं होतं, की विठ्ठलाजवळ रुक्मिणी काहून नाही, तिचं देऊळ मागं वेगळं काहून. तर ती रुसलेली आहे. द्वारकेत कृष्णाजवळ राधेला पाहिलं आणि ती रागानं दिंडीरवनात, म्हणजे पंढरपूरच्या रानात, निघून आली, देव तिला शोधत आला, आणि मधेच पुंडलिकाच्या विटेवर उभा राहिला. द्वारकेतही रुक्मिणीचं देऊळ गावाबाहेर दोन किलोमीटरवर आहे, तिथली कथा दुर्वास ऋषींच्या शापाची, त्यांचा रथ ओढताना हिला तहान लागली, त्यांना न विचारता पाणी प्यायली म्हणून बारा वर्षांचा विरह. तिथे आजही पाण्याचं दान करतात. म्हणजे जिनं एवढी हिंमत करून लग्न केलं ती दोन्ही गावांत वेगळ्या घरात आहे. मला लहानपणी याचं वाईट वाटायचं. आता लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर वाटते, रुसायला आपली जागा असणं हे पण संसारातलंच आहे, आणि देव तिला शोधत एवढ्या लांब आला ही गोष्ट पंढरपुरात रोज हजारो माणसांसमोर उभी आहे.

आमच्या भागानं या लग्नाला आणखी एक दिलं त्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर, महानुभाव पंथाचं मोठं ठिकाण, तिथे तेराव्या शतकात त्या पंथाचे थोर गुरू गोविंदप्रभू होते. त्यांनी एकदा लहान पोरासारखा हट्ट धरला की माझं लग्न लावा. भक्तांनी खरंच लग्नाचा घाट घातला आणि लग्न म्हटलं की गाणी पाहिजेत, तर महदाइसेला, म्हणजे महदंबेला, गायला सांगितलं. तिनं कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी म्हटली, तेच महदंबेचे धवळे. धवळे म्हणजे नवरदेवाची लग्नातली गाणी. तिला मराठीतली पहिली कवयित्री मानतात. आमच्या मांडवातल्या बाया हळद दळताना, नवरदेवाला आंघोळ घालताना ज्या पद्धतीनं गातात, त्याच परंपरेतून मराठी बाईची पहिली कविता आली, आणि ती रुक्मिणीच्या लग्नाची आहे. पुढे एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत रुक्मिणी स्वयंवर लिहिलं. लग्न जमत नसलेल्या मुलींना त्याचं पारायण करायला सांगतात, माझ्या धाकट्या बहिणीनंही केलं. मला एवढंच वाटते की वाचताना ती चिठ्ठी नीट वाचावी. त्या पोथीतली मुलगी नवरा मिळावा म्हणून नुसती वाट पाहत बसलेली नाही.

आणि वऱ्हाड हा आमचा शब्द. लग्नाला जाणारी माणसं म्हणजे वऱ्हाड, अन् आमच्या मुलखाचं नावही वऱ्हाड. अभ्यासक नावाचा उगम वेगळा सांगतात, पण माझी आजी सांगायची, कृष्णाचं वऱ्हाड इथे आलं होतं म्हणून हे वऱ्हाड. मी ते तसंच पोरीला सांगितलं.

तर हे सगळं मी तिला त्या दिवशी एका दमात सांगितलं नाही, चार-पाच रात्री लागल्या. लग्नाच्या संध्याकाळी मात्र तुळशीचं लग्न लागलं, दिव्यांची ओळ, पोरांनी आंतरपाट म्हणून माझी जुनी ओढणी धरली, सगळ्यांनी "बोर भाजी आवळा, कृष्णदेव सावळा" म्हणून घेतलं, अक्षता पडल्या. अन् मग पोरगी म्हणाली, थांबा, कानपिळी राहिली, रुक्मिणीच्या वेळेस भावानं कान पिळलाच नव्हता, तो तर लढायला गेला होता. तिनं पाच वर्षांच्या भावाला पुढे ढकललं. त्यानं पितळेच्या बाळकृष्णाचा सुपारीएवढ्या डोक्याचा कान दोन बोटात धरला, जोर लावून पिळला, आणि हात पुढं करून उभा राहिला.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"टॉवेल अन् टोपी," तो म्हणाला.

सासूबाई उठल्या, आतून पेटीतला यांच्या बाबांचा कोरा टॉवेल आणून त्याच्या खांद्यावर टाकला. टोपी सापडली नाही. म्हणाल्या, "टोपी पुढच्या वर्षी देतो रे बापा."